देवाच्या खात्यावरचं व्याज

धोंड्याचा महिना होता. बहीण आणि दाजी जेवायला आले होते. पुरणाचे धोंडे, त्यावर तूप, कटाची आमटी, कुरडया, भजी असा सगळा थाट आणि ओसरीवर पंगत. मायनं गावातल्या किराणावाल्या आप्पांनाही मुद्दाम सांगावा धाडून बोलावलं होतं. जेवणं उरकली, आप्पा चूळ भरून भिंतीला टेकले आणि अडकित्त्यानं सुपारी कातरू लागले. दाजींनी सहज वर बघत नव्या स्लॅबचा खर्च विचारला. तेवढं निमित्त मायला पुरलं. हात जोडून म्हणाली, "समदं त्याचंच देणं हाय. अण्णा पडल्यावर कोण व्हतं आमाला? देवानंच तगवलं." आप्पांचा अडकित्ता थांबला. हसत म्हणाले, "देवानं तगवलं हे खरं हाय वहिनी. पण त्या देवाला लातूरच्या मोंढ्यात शेकडा दोननं व्याज भरावं लागत व्हतं, बरं का."

सगळे हसले. मायही हसली. मीही हसलो, पण ते वाक्य कुसळासारखं तळव्यात राहून गेलं. दिसत नाही, आणि पाय टेकला की टोचतं.

मी पतसंस्थेत काम करतो, म्हणून शेकडा दोन म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायला नको. महिन्याला दोन, वर्षाला चोवीस. आमची उधारी शेवटी 58 हजारांवर गेली होती. ती हळूहळू वाढत गेली, म्हणून सरासरी बाकी 30 हजारच धरली, तरी महिन्याला 600 रुपये आप्पा आमच्यापायी ठोकवाल्याला देत होते. तेव्हा आमच्या घरचं महिन्याचं तेल, मीठ, चहापत्ती त्यात भागत होती. म्हणजे आप्पांनी आम्हाला माल उधार दिला, एवढ्यावर ते थांबलं नव्हतं. तो माल उधार देता यावा म्हणून ते वेगळे पैसे मोजत होते, आणि आमच्या घरात त्याची खबर कुणालाच नव्हती. माय तर पहाटे तुळशीपुढं उभी राहून दुसऱ्याच कुणाचे आभार मानत होती.

2014 च्या पेरणीच्या तोंडावर अण्णांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा आभाळात ढग होते आणि नंतर ते नुसतेच राहिले. त्या साली सोयाबीन गुडघ्याच्या वर गेलंच नाही, पुढच्या साली उगवलंच नाही. आमचं रान माळाचं, कोरडवाहू. विहिरीच्या तळात बेडूक दिसायचे, नंतर तेही दिसेनात. बैल चारा छावणीत नेऊन बांधले. मोठ्या जनावराला दिवसाचा 15 किलो चारा, आणि तिथंच बाजेवर झोपायचं. छावणीत रात्री उसाच्या वाड्यांचा, शेणाचा आणि घामाचा असा एक वास भरून राहायचा की अजून ऊस खाताना मला तोच वास येतो. मग बैलही विकले. त्यांना टेम्पोत चढवताना मायनं त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "ज्यानं दिले त्यानंच नेले." मला तेव्हा तिचा रागच आला. नेले होते खाटिकाच्या दलालानं, अर्ध्या किमतीत.

आप्पांच्या दुकानात शिरलं की आधी गुळाचा वास यायचा, मग हिंगाचा, मग कुठून तरी जुन्या रॉकेलचा. काउंटरवर काचेच्या बरण्या, वर टांगलेल्या शाम्पूच्या माळा, आणि कोपऱ्यात लाल कापडाची वही. पहिल्या पानावर श्री. माझी गोची ही होती की उधारी आणायला मायबरोबर मला जावं लागायचं, पिशवी उचलायला. मी दाराशी खांबाआड उभा राहायचो. शाळेतला एखादा मित्र आला की बिस्किटाच्या पुड्यांवरची नावं वाचत बसायचो. आणि माय? ती सरळ आत जाऊन म्हणायची, "आप्पा, दोन किलो साखर, एक तेलपुडा, आंघोळीचा साबण छोटा. ल्याहा." आवाजात विनवणी नाही, पदराची चुळबुळ नाही. जणू तिचंच धान्य तिथं ठेवणीला होतं आणि ती नेत होती. घरी आल्यावर पुडे आधी देव्हाऱ्यापुढं ठेवायची, हात जोडायची, मग डब्यात. मला वाटायचं, ही स्वतःला फसवतेय. उधारी ती उधारी. वहीत नाव अण्णांचं आहे, पांडुरंगाचं नाही.

पण आता वाटतं, माझी मान खाली आणि तिची वर, यात फरक कशाचा होता? आप्पांनी दिलं असं मानलं की दर वेळी आप्पांच्या तोंडाकडं बघावं लागतं. आज खूश आहेत का, कपाळाला आठी आहे का, बायको आत काही बोलली का. माय ते बघतच नव्हती. दिलं वरून आलंय, हात आप्पांचे आहेत, आणि फेडायचं आहे हे तिच्या मनात इतकं पक्कं होतं की लाज वाटायला जागाच उरली नव्हती.

हेच जोगव्याचं. आमच्याकडं तुळजाभवानीची माळ-परडी आहे. मंगळवारी, शुक्रवारी माय परडी घेऊन पाच घरी जायची. "आई राजा उदो उदो" म्हटलं की आतली बाई मूठभर पीठ घेऊन बाहेर यायची. आधीही ती जायची, भरल्या घरातून जायची, कारण देवीचं करायचं म्हणजे मागून आणूनच करायचं. पाटलाच्या वाड्यातली बाईसुद्धा नवरात्रात पाच दारांत उभी राहते. त्यामुळं 2015 च्या उन्हाळ्यात माय परडी घेऊन निघाली तेव्हा गल्लीत कुणाला काही वेगळं दिसलं नाही. मला मात्र ठाऊक होतं की त्या पिठाच्या दोन भाकरी आज अण्णांच्या ताटात जाणार आहेत. ज्यांनी कुणी ही रीत घालून दिली त्यांनी गरजवंताची केवढी मोठी सोय करून ठेवली, असं मनात येतं. देवीनंच मागायला लावलं आहे म्हटल्यावर कोण भुकेनं मागतंय आणि कोण भक्तीनं, हे दार उघडणारीला कळायची सोय नाही. पीठ देणारीला कळत असेलही. मूठ जरा मोठी असायची, हे मी बघितलं आहे.

आणि पीठच हवं असायचं. दाणे नकोत. मामानं एकदा बाजेखाली मावेल एवढी ज्वारी आणून टाकली होती, चांगली मालदांडी, तरी त्या रात्री आम्ही चहा आणि मुरमुऱ्यांवर झोपलो, कारण गिरणीवाल्याला द्यायला सुटे नव्हते आणि त्याच्याकडे आधीचे तुंबले होते. देव दाणे देतो आणि दळणाचं विसरतो, असं काहीतरी मी बोललो. माय म्हणाली, "त्यानं जातं दिलंय की." माळ्यावरचं जातं खाली काढून तिनं दुसऱ्या दिवशी पहाटे दळलं. खुंटा ढिला होता, त्यात चिंधी कोंबली. तिच्या तळहाताला फोड आले होते, आणि भाकरी वाढताना ती हात उलटा धरत होती. गंगाखेडच्या जनीला दळायला विठ्ठल यायचा म्हणतात. आमच्या घरी कुणी आलेलं मी पाहिलं नाही. मी अंथरुणात जागा होतो, उठून खुंट्याला हात लावायला हवा होता की नको, याचा विचार करत घरघर ऐकत राहिलो.

मायचा हा भरवसा आला कुठून, याचं मूळ 72 च्या दुष्काळात आहे. ती तेव्हा दहा-एक वर्षांची. रस्त्याच्या कामावर तिची आजी, आई, दोघी खडी फोडायच्या आणि ही लहानग्या भावाला सांभाळत दगडांच्या ढिगाआड बसायची. परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळायचा, त्याची भाकरी थापताना चिरायची, खाताना घशात रुतायची. कामावर सुकडी वाटायचे, तिचा गोडसर भाजका वास ती अजून सांगते, सांगताना नाक वर करते. आजीनं तो मिलोही आधी खंडोबापुढं ठेवला. कुणीतरी हसलं, हे तर अमेरिकेचं, डुकरं खातात ते धान्य, तर म्हणाली, "देवाला कामून हद्द आसंल? तिकून पाठवलं." माय हे सांगते तेव्हा तिला आजीच्या भक्तीचं कौतुक असतं. मला दुसरंच सुचतं. वि. स. पागे नावाच्या माणसानं रोजगार हमीची कल्पना मांडली, तिचा पुढं 1977 मध्ये कायदा झाला. खडी फोडणाऱ्या त्या आजीच्या कानावर पाग्यांचं नाव कधी पडलं नसणार. सगळं श्रेय खंडोबानं घेतलं.

हे श्रेयाचं प्रकरण मला त्या धोंड्याच्या जेवणानंतर फार छळू लागलं.

कारण टेबलाच्या या बाजूला बसून मी रोज ऐकतो, "देव देईल साहेब, थोडं थांबा." म्हणणारा खोटं बोलत नसतो. पण देव देईपर्यंत कुणाची तरी ठेव अडकून राहते. एखादी निवृत्त बाई, एखादा भाजीवाला. संस्थेच्या व्यवस्थापकांचं आवडतं वाक्य आहे की भरवसा हे तारण नव्हे. मीही ते कर्जदारांना ऐकवतो, आणि ऐकवताना आप्पांची लाल वही डोळ्यांपुढं येते. पुढं एकदा दुकानात गर्दी नसताना मी त्यांना विचारलंच. आमचं रान गहाण नव्हतं, अण्णा उठतील याची खात्री डॉक्टरलाही नव्हती, मी कॉलेजात, पाऊस बेपत्ता. मग कशाच्या जोरावर देत होतात? आप्पांनी शेंगदाण्याच्या पोत्यात हात घालून दोन दाणे तोंडात टाकले. म्हणाले, "तुझ्या मायच्या देवावर माझा काही भरवसा नव्हता बाबा. तो कुणाचं कधी ऐकतो, कुणाचं नाही. पण तुझी माय त्याला भिती हे मला ठाऊक व्हतं. देवाचं म्हणून नेलेलं ती बुडवणार न्हाई." म्हणजे त्यांच्या लेखी ते तारणच होतं. सातबाऱ्याच्या जागी मायचा देव्हारा. लगेच पुढं म्हणाले, "आन् माळकऱ्यांनीसुद्धा बुडवलंय मला. त्यांची नावं सांगू का?" आणि सांगितली.

पाऊस आला 2016 ला. त्याआधी एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली होती, पहिल्या फेरीला पाच लाख लिटर. शेजारच्या टीव्हीवर आम्ही ती पाहिली. गळणाऱ्या वाघिणीखाली कुणीतरी घागर धरत होतं. मायनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "नाथाच्या घरी पाणी भरलं, आता लातूरला भरायलाय." पैठणच्या श्रीखंड्याची गोष्ट आमच्याकडं पोरासोरांना ठाऊक. देव बारा वर्षं एकनाथांच्या घरी कावडीनं गोदावरीचं पाणी भरत राहिला, नाथांना पत्ता नाही. फाल्गुनात नाथषष्ठीच्या आधी वाड्यातला तो रांजण भरायला अजून बायांच्या रांगा लागतात. मायबरोबर मीही गेलो आहे. अरुंद बोळ, ओल्या फरशीवर घसरणारे पाय, आणि रांजण एवढ्या घागरी पिऊन वर येत नाही म्हणून पुढं वाकून बघणाऱ्या डोक्यांची दाटी. ज्याच्या घागरीनं तो भरून वाहू लागतो त्याच्या रूपानं देवच आला असं मानतात. आधीच्या घागरी कुणाच्या होत्या, ते कुणी विचारत नाही.

आप्पांच्या वाक्यानंतर या जुन्या गोष्टी मी पुन्हा नीट आठवून पाहिल्या, तेव्हा एक लक्षात आलं. आपल्या गोष्टींतला देव आभाळातून पोती टाकत नाही. तो खांद्याला वळ उठेपर्यंत पाणी वाहतो, दळतो, शेणी वेचतो. आणि मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या गोष्टीत तर तो चक्क हिशेब चुकता करायला जातो. दुर्गादेवीच्या दुष्काळात दामाजींनी बादशहाची कोठारं लोकांना उघडून दिली. लोक जगले. पण धान्य बादशहाचं होतं, फुकटचं नव्हतं. तेव्हा विठू महार होऊन देव बिदरच्या दरबारात गेला, मोहरांची थैली रिकामी केली आणि पावती मागून घेतली. (गावकुसाबाहेरच्या माणसाचं रूप देवाला का घ्यावं लागलं, यावर आमच्या गावच्या कीर्तनात कुणी फार थांबत नाही, हे जाता जाता.) लहानपणी मला थैलीचं नवल वाटायचं. आता पावतीचं वाटतं. ज्या कुणी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली, त्याला दुष्काळातलं धान्य कुणाच्या तरी नावावर खर्ची पडतं हे पक्कं ठाऊक होतं. आप्पा दुसरं काय म्हणत होते?

एवढं सगळं जुळून आल्यासारखं वाटतं आणि मग आमच्या गल्लीतला तो माणूस आठवतो. त्याचं नाव लिहीत नाही. दिंडीत वीणा त्याच्या गळ्यात असायचा. एकादशी चुकवली नाही, दारातून साधू उपाशी जाऊ दिला नाही. मायपेक्षा त्याची भक्ती काकणभर जास्तच. त्याच दुष्काळात, दिवाळीनंतर, एका पहाटे त्यानं स्वतःला संपवलं. अशा घराला सरकारकडून एक लाख मिळतात, 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत, पण आधी चौकशी होते. त्याचं कर्ज परवाना नसलेल्या सावकाराचं निघालं, प्रकरण अपात्र ठरलं. त्याच्या दुकानदारानं उधारी बंद केली होती का, त्याला कुणापुढं परडी धरता आली नाही का, पुरुषाला जोगवा मागायची अशी सोय आमच्या गल्लीत नाही म्हणून का, मला सांगता येणार नाही. मायला मी विचारलं होतं, जरा टोचूनच, की त्याच्यावेळी कुठं गेला होता तुझा. ती चुलीपुढं होती. तिनं उत्तर दिलं नाही. पुढं कितीतरी दिवस "देव देतो" हे शब्द तिच्या तोंडून आले नाहीत. अंधार पडला की डबा पदराखाली धरून ती त्या घरी जायची आणि तिथं कुणाचं नाव घेत होती, घेत होती की नाही, देव जाणे.

पुन्हा केव्हा तरी तिची तुळशीपुढची बडबड सुरू झाली. कशानं, ते मला माहीत नाही. 2016 च्या सोयाबीनचे पैसे आले तसे तिनं आप्पांचे द्यायला सुरुवात केली, पुढच्या दोन सुग्यांत वही कोरी झाली. व्याज त्यांनी मागितलं नाही, तिला ते असतं हे माहीतच नव्हतं. धोंड्याच्या त्या जेवणानंतर मी तिला शेकडा दोनचा हिशेब मांडून दाखवला. तिनं नीट ऐकून घेतलं. "एवढं?" म्हणाली. मग बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. नंतर म्हणाली, "मंग त्यालाबी देवानंच बुद्धी दिली आसंल." मी कपाळाला हात लावला. पण त्या दिवाळीपासून आप्पांच्या घरी फराळाचा डबा जातो तो सगळ्यात आधी, शेजाऱ्यांच्या आधी, आणि तो न्यायला ती स्वतः जाते.

2025 च्या सप्टेंबरात उलटंच झालं. पाऊस थांबेना. मांजरेकाठची सोयाबीन पाण्याखाली कुजली, कुठं कुठं तर माती खरवडून नुसता खडक उरला. आमचं रान माळाचं, ज्याला आयुष्यभर शिव्या घातल्या, ते वाचलं. गावातल्या पोरांनी नदीकाठच्या गावांसाठी टेम्पो भरायचं ठरवलं. घरोघर पायली-दोन पायली गोळा करत फिरत होते. मी आमच्या वाटची ज्वारी पोत्यात भरून दारात ठेवली, तर माय भडकली. "दाणे कोण दळून देणार त्यांना? गिरण्या पाण्यात हायत, लाईट न्हाई. दळून दे." मी म्हटलं, टेम्पो दुपारी निघणार आहे, गिरणीत रांग असेल. "आस दे."

रांग होतीच. आमच्या पुढं तिघं, आणि विजेचा लपंडाव. ती पट्ट्याशेजारी उभी राहून गिरणीवाल्याला बारीक कर, अजून बारीक कर म्हणत होती, म्हातारी माणसं असतील तिकडं. दळणाचे पैसे मी द्यायला गेलो तर तिनं माझा हात बाजूला केला आणि कमरेच्या पिशवीतून स्वतःचे काढले. मी पोत्याला सुतळी बांधू लागलो, तशी मागून ओरडली, "थांब की जरा! गरम पीठ बांधतंत का कुठं? वास लागंल त्याला."